भिंगरी सिस्टरची शेवटची अट

तिचं खरं नाव हजेरीच्या रजिस्टरात आहे आणि तिथून ते कुणी बाहेर काढत नाही. अख्खं हॉस्पिटल तिला भिंगरी सिस्टर म्हणतं. का म्हणतं, ते कळायला तिच्या वॉर्डात थोडा वेळ उभं राहावं. सलाईन संपत आलं की घंटी वाजायच्या आत ही पलंगाशी हजर. कुणाची उशी सरकली, कुणाला कूस बदलायची आहे, कुणाला पाणी हवंय पण मागायचा संकोच वाटतोय, सगळं हिला आधी कळतं, आणि कळल्याबरोबर हातासरशी होऊनही जातं. चालताना बोलते, बोलताना पट्टी बांधते, पट्टी बांधताना शेजारच्या पलंगावरच्या आजोबांना डोळे वटारून गोळी गिळायला लावते. लोकांच्या पायाला भिंगरी असते, हिच्या हातांनाही आहे.

ड्यूटी संपवून निघाली की कुठल्या तरी पलंगावरून हमखास आवाज येतो, "सिस्टर, उद्या तुमचीच ड्यूटी ना?" ती वरवर म्हणते, "झोपा आता, माझ्या ड्यूटीची काळजी करू नका," पण जिना उतरताना तिची चाल बघावी. एवढ्या एका प्रश्नावर तिने आजवरचं आयुष्य काढलं असं म्हटलं तरी चालेल.

अशा बाईने या वयात पदवीचं खूळ डोक्यात का घ्यावं? तर त्याचं कारण तळमजल्यावरची एक खोली. नव्या मुलींना शिकवायला हॉस्पिटलने ती मुद्दाम तयार केली. आत एक फळा, दोन पलंग, आणि पलंगावर रबराचा एक पेशंट, ज्याला कितीही टोचा, तक्रार नाही. दाराला काच आहे. भिंगरी येता-जाता त्या काचेला नाक लावायची. त्या खोलीत आपण उभं राहायचं, हे तिने मनाशी ठरवूनच टाकलं. पण शिकवणाऱ्या सिस्टरला पदवी हवी, आणि हिच्याकडे नर्सिंगचा जुना डिप्लोमा. झालं. घोडं तिथे अडलं.

अडलेलं घोडं हाकायला ती कॉलेजात गेली. तिथल्या बाईंनी अटी सांगितल्या. नर्स म्हणून नोंदणी चालू हवी, ती होतीच. जुन्या डिप्लोम्यातला बराचसा अभ्यास पदवीत धरला जाईल, तो पुन्हा करायला नको. उरलेले विषय मात्र याच कॉलेजात पुरे करायचे: संख्याशास्त्र, संशोधन, वॉर्डाचं व्यवस्थापन, आणि सगळ्यात शेवटी समाजातली सेवा, म्हणजे हॉस्पिटलच्या बाहेर, लोकांच्या घरी जाऊन. शेवटी त्या बाईंनी एक गोम सांगितली. जुना डिप्लोमा ठरावीक मुदतीपर्यंतच धरतात. मुदत टळली की तो अभ्यास बाद, मग पहिल्यापासून सुरुवात. भिंगरी इतकी उशिरा उगवली होती की तिची शेवटची टर्म आणि मुदतीची शेवटची टर्म एकच. म्हणजे नापास व्हायची सोयच नव्हती.

दुसरी एखादी घाबरली असती. हिला उलट चेव आला.

संख्याशास्त्राने तिच्या तोंडचं पाणी पळवलं, खोटं कशाला बोला. बहुलक हा शब्द ऐकला की तिच्या डोळ्यांसमोर कुणी आडदांड माणूस उभा राहायचा. पण ती पुस्तक घेऊन जेवायच्या खोलीत बसली, लॉन्ड्रीतल्या माणसाला मध्यक समजावला, लिफ्टवाल्याला सरासरी समजावली, त्यांना नको असताना समजावली, आणि समजावता समजावता स्वतः समजली. पास झाली त्या दिवशी तिने वॉर्ड डोक्यावर घेतला. हात मोडलेल्या एका पेशंटने उरलेल्या हाताने मांडीवर थाप मारून टाळी दिली. मग संशोधन सुटलं, व्यवस्थापन सुटलं, आणि राहिला एकच विषय. तो तर आपल्या हातचा मळ, असं ती घरी म्हणाली. अहो, जन्मभर पेशंटच बघितलेत, आता त्यांच्या घरी जाऊन बघायचे, त्यात काय मोठंसं?

विषयासाठी तिला एक घर नेमून दिलं. घर कसलं, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि त्यात एकटे राहणारे मास्तर. मास्तर शाळेतले नव्हेत, मोटार शिकवणारे. निम्म्या शहराला गाडी चालवायला त्यांनी शिकवलं आणि मग निवृत्त झाले. पहिल्या गाडीचं स्टिअरिंग अजून त्यांच्या भिंतीवर टांगलेलं आहे. त्यांना साखरेचा आजार. सकाळी खाण्याआधी इन्शुलिनचं इंजेक्शन लागतं. बायको होती तोवर ती द्यायची. ती गेल्यापासून आरोग्य केंद्राची सिस्टर रोज येऊन टोचून जायची. त्यामुळे मास्तरांना घर सोडून कुठे जाता येत नव्हतं. लेक दूर समुद्राकाठच्या गावात, तिला बाळ झालेलं, आणि आजोबांनी नातवाला बघितलेलं ते फोनमध्ये.

या टर्मपुरतं ते सकाळचं काम केंद्राने भिंगरीकडे दिलं. दुपारची पाळी मागून घेऊन ती रोज सकाळी मास्तरांकडे जायची. मास्तरांना स्वतःचं इंजेक्शन स्वतः घेता आलं पाहिजे, हे टर्मच्या शेवटापर्यंतचं काम. तिने ते सगळं नीट समजावलं. बाटली तळहातात फिरवायची, झाकण पुसायचं, सिरिंजमध्ये किती रेघेपर्यंत घ्यायचं, पोटाची कातडी चिमटीत कशी धरायची, सगळं. चित्रं काढून आणली. मास्तर माना डोलवत ऐकायचे आणि मग सदरा वर करून पोट पुढे करायचे. ही पण हसत हसत टोचून द्यायची. दोघांचं छान जमलं होतं.

परीक्षेच्या दिवशी कॉलेजच्या मॅडम आल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. मॅडम वयाने भिंगरीच्या भाचीएवढ्या. मास्तरांनी हात धुतले, झाकण पुसलं, सिरिंज उचलली. आणि त्यांचा हात थरथरायला लागला. सुई बाटलीच्या तोंडाभोवती प्रदक्षिणा घालतेय, आत काही जात नाही. पुढे काय झालं ते तिलाही नीट सांगता येत नाही. सिरिंज तिच्या हातात आली एवढं खरं. चुटकीसरशी औषध भरलं, चिमटी धरली, टोचलं, कापूस दाबला.

"झालंसुद्धा, मास्तर."

मास्तर म्हणाले, कळलंसुद्धा नाही. आणि भिंगरीने अशा काही तोऱ्यात मॅडमकडे बघितलं, की जणू आता हारच घालायचा बाकी आहे.

मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, इतकं सुरेख इंजेक्शन मी क्वचित बघितलंय. पण ते तुम्ही द्यायचं नव्हतं."

कागदावर त्यांनी एकच शब्द लिहिला: पुन्हा. टर्म संपायच्या आत फेरपरीक्षा एकदाच मिळेल, म्हणाल्या. बोलण्यात खवचटपणा नव्हता, म्हणून तर जास्त लागलं.

घरी येईपर्यंत भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. घरात दोघंच, नवरा आणि सासूबाई. नवऱ्याचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान. जगातलं कुठलंही कुलूप उघडेल, पण स्वतःचे मोजे सापडत नाहीत, असा माणूस. तो चष्मा शोधत होता. हिने तणतणतच फ्रिजवरचा चष्मा काढून त्याच्या नाकावर चढवला, तणतणतच कंगवा उचलला आणि सासूबाईंना पुढ्यात बसवून त्यांची वेणी घालायला घेतली. हे रोजचंच. मागे कधीतरी सासूबाईंचा खांदा निखळला होता, तेव्हापासून वेणी हिच्याकडे.

"आई, तुम्हीच सांगा," ती केस ओढत म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाच्या थरथरत्या हातातून सुई काढून घेतली, तर माझं काय चुकलं?"

सासूबाई जराशाने म्हणाल्या, "माझी वेणी मला घालता येते, हे ठाऊक आहे ना तुला?"

कंगवा थांबला.

"खांदा तर कधीच बरा झाला," सासूबाई म्हणाल्या. "तू कंगवा घेऊन येतेस आणि बसवतेस. तुला बरं वाटतं, म्हणून बसते मी."

नवऱ्याने पेपर तोंडासमोर धरला. तो पेपर हलत होता, म्हणजे मागे हसणं चालू होतं. भिंगरीने त्याला एरवी सोडलं नसतं. पण तिला एकदम वॉर्डातल्या नव्या मुली आठवल्या. एखादी शीर शोधत चाचपडायला लागली की ही म्हणायची, सरक, मी करते. आणि करायची. मुली कौतुकाने बघत राहायच्या आणि शिकायला मात्र दुसऱ्या वॉर्डातल्या त्या संथ, जांभया देणाऱ्या सिस्टरकडे जायच्या. आजवर हिच्या हाताखाली एकीलाही सलाईन लावता आलेलं नव्हतं. आणि ही निघाली होती काचेच्या दाराच्या खोलीत शिकवायला. तिला स्वतःचीच लाज वाटली, सरळ लाज वाटली, आणि त्यासरशी ती उठून उभी राहिली.

"आजपासून मी कशाला हात लावणार नाही," तिने जाहीर केलं.

ही घरात आल्यापासूनची सगळ्यात चांगली बातमी ऐकल्यासारखं सासूबाईंनी मान डोलावली आणि उरलेली वेणी स्वतः घातली. चांगली घट्ट, सरळ, हिच्यापेक्षा बरी.

पुढचे दिवस त्या घरात नुसता धुमाकूळ. नवरा अंडी उकडायला गेला आणि पाणी घालायचं विसरला. भिंगरी खुर्चीत दोन्ही तळहात मांडीखाली दाबून बसली होती. हात असे शिवशिवत होते की विचारू नका. तिने स्वतःला फक्त बोलायची मुभा दिली होती. ती दात आवळून म्हणाली, भांड्यात काही राहिलंय का बघा. नवऱ्याने बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. आठवडा सरेपर्यंत गडी अंडी उकडायला शिकला आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती कशी उकडायची ते सांगायला लागला. मोजेसुद्धा त्याला सापडले. कपाटातच होते.

मास्तरांना मात्र खरं सांगणं भाग होतं. ती म्हणाली, मास्तर, तुमच्यामुळे नाही, माझ्या हातांमुळे मी नापास झाले, आणि आता पुन्हा झाले तर सगळं मुसळ केरात. मास्तर आधी हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. भिंगरीने पाण्याचा पेला उचलला आणि परत खाली ठेवला. मास्तरांनी तो आपला आपण घेतला.

मग म्हणाले, "शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असायचा, सिस्टर. तो दाबायची वेळ येते, नाही असं नाही. पण जो मास्तर रोज दाबतो, तो शिकवत नाही, नुसता फिरून येतो. तुम्ही तर पहिल्या दिवसापासून माझं स्टिअरिंगच धरलंत."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले, "मलाही तेच हवं होतं. बायको होती तेव्हा ती द्यायची. मी शिकलो की ते काम तिचं राहणार नाही, असं वाटायचं."

भिंगरीजवळ प्रत्येक दुखण्यावर काहीतरी उपाय असतो. यावर नव्हता. भिंगरी गप्प बसली, हेच त्या दिवसातलं मोठं काम म्हणायचं.

दुसऱ्या दिवसापासून धडे मास्तरांच्या भाषेत सुरू झाले. हात धुणं म्हणजे गाडीत बसणं. झाकण पुसणं म्हणजे काच पुसणं. सिरिंज भरून झाली की ती उजेडाकडे धरून बघायची, हा आरसा. आरसा बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही. मास्तरांना हे असं काही रुचलं की ते स्वतःलाच रागवायला लागले. पहिल्यांदा त्यांनी मिठाच्या पाण्याची सिरिंज स्पंजात खुपसली, मग संत्र्यात (तोवर रोजचं इंजेक्शन नाइलाजाने भिंगरीच द्यायची), आणि एका सकाळी सदरा वर करून, डोळे मिटून, खरोखरच पोटात. भिंगरी पाठीमागे एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून उभी होती. टोचल्यावर मास्तरांनी डोळे उघडले आणि विचारलं, गेली का? गेली, म्हणाली ती. मग दोघंही लहान पोरांसारखी हसत सुटली. मास्तरांनी त्या दिवशी लेकीला फोन करून अर्धा तास सांगितलं. पण परीक्षा म्हटली की माणसाचा हात वेगळा चालतो, हे मास्तरांनाही माहीत होतं. किती जणांना त्यांनी परीक्षेच्या दिवशी गिअर विसरताना बघितलं होतं.

फेरपरीक्षेच्या सकाळी भिंगरी मिनिटागणिक पाणी प्यायली. पण आतून अशी काही उकळी फुटत होती की जिना ती दोन-दोन पायऱ्यांनी चढली. मॅडम आल्या. तीच खुर्ची, तोच कोपरा. भिंगरी हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकली. मास्तर गाडीत बसले, म्हणजे हात धुतले. काच पुसली. बाटली उलटी केली. हात थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला, आणि सुई आत गेली. औषध रेघेपर्यंत आलं. मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि सिरिंज थेट पोटाकडे वळवली.

सिरिंजमध्ये बुडबुडा होता. चांगला मोठा. म्हणजे औषध तेवढं कमी. भिंगरीला तो खोलीच्या या टोकावरून दिसला. मॅडमनाही दिसला, त्यांचं पेन थांबलं. भिंगरीची बोटं मनगटात रुतली. एक पाऊल आणि एक टिचकी, बस्स, एवढंच तर काम. तिचा उजवा हात सुटायला बघत होता आणि डावा त्याला सोडत नव्हता.

"मास्तर," ती म्हणाली. "आरसा?"

मास्तर थांबले. खजील झाले. सिरिंज उजेडाकडे धरली, बघितली, आणि म्हणाले, "च्यायला, मागून ट्रक येतोय." नखाने टिचकी मारली. बुडबुडा वर आला. तो बाटलीत परत ढकलला, औषध पुन्हा रेघेपर्यंत ओढलं, पुन्हा उजेडाकडे धरलं. मग चिमटी. मग सुई. या वेळी डोळे उघडे होते.

मास्तरांनी कापूस दाबला, सिरिंज जाड डब्यात टाकली, सदरा खाली केला. मॅडमनी कागदावर खूण केली, सही केली आणि कागद फिरवून भिंगरीपुढे धरला. उत्तीर्ण. पदवीच्या सगळ्या अटी पूर्ण. भिंगरीला ते वाचता येत होतं, पण हात पाठीमागून सुटेनात. मॅडम म्हणाल्या, "आता घ्या की हातात, सिस्टर." तेव्हा कुठे सुटले. मनगटावर चार बोटांचे लालभडक वळ होते. जीव भांड्यात पडला तो असा, की तिने मॅडमना मिठीच मारली. मॅडमनीही मारू दिली.

निघताना ती सवयीने दाराशी थांबली आणि सवयीनेच म्हणाली, येते हं मास्तर, उद्या वेळेवर तयार राहा.

मास्तर आधीच कपाटावरची बॅग खाली ओढत होते.

"सिस्टर," ते म्हणाले, "उद्या नाही आलात तरी चालेल."

भिंगरी जिना उतरली. या वेळी एकेक पायरी. आजवर लोकांनी तिला फक्त यायला सांगितलं होतं. येऊ नका, असं कुणी पहिल्यांदाच सांगत होतं, आणि तिला नाचावंसं वाटत होतं आणि डोळ्यांतलं पाणीही थांबत नव्हतं. फाटकाशी उभं राहून तिने घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला. हिने एका दमात सगळं सांगितलं: बुडबुडा, आरसा, सही, तळमजल्यावरची खोली, मास्तरांची बॅग. आणि शेवटी, आई, ते म्हणाले, उद्या नाही आलात तरी चालेल.

पलीकडे मागे नवरा कुणाला तरी अंडी कशी उकडायची ते सांगत होता.

मग सासूबाई म्हणाल्या, "मग उद्या सकाळी मोकळीच आहेस की. माझी वेणी घालशील का?"